परस्परतेची पार्श्वभूमी: भेटवस्तूंपासून आयातशुल्कापर्यंत

अमेरिकेने २ एप्रिल २०२५ रोजी ‘जशास तसे’ म्हणून जे आयातशुल्क जाहीर केले, त्याचे दर ठरवताना समोरच्या देशाचे शुल्क मोजलेच नव्हते. त्या देशाशी असलेल्या व्यापारी तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागायचे आणि येईल त्याच्या निम्मा दर लावायचा, किमान दहा टक्के, असे ते सूत्र होते. परस्परतेचा, म्हणजे एकाने दिले तसे दुसऱ्याने परत करण्याच्या रीतीचा, इतिहास पाहिला तर ‘जशास तसे’चा हा अर्थ फार अरुंद वाटतो. देणेघेणे टिकले ते बहुधा हिशेब थोडा उघडा राहिला तिथे.

इजिप्तमध्ये अमार्ना येथे १८८७ साली मातीच्या कोरीव पाट्या सापडल्या. त्यांवर इ.स.पू. चौदाव्या शतकातला राजांचा पत्रव्यवहार आहे. बाबिलोन, मितानी (उत्तर सीरियाकडचे राज्य), इजिप्त इथले राजे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात, घोडे आणि रत्ने पाठवतात, सोने मागतात. बाबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश फारोकडे, म्हणजे इजिप्तच्या राजाकडे, तक्रार करतो, की तुझ्याकडचे सोने भट्टीत घातले तर वजनात भरलेच नाही. मात्र तक्रारीच्या जोडीनेच तो स्वतःच्या भेटीही पाठवतो. पुढे इ.स.पू. १२५९ च्या सुमारास इजिप्त आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातले साम्राज्य) यांच्यात तह झाला. एकमेकांकडे पळून आलेली माणसे परत करायची, आणि परत आलेल्यांना शिक्षा करायची नाही, ही कलमे दोघांनाही सारखीच लागू होती.

माणसामाणसांतल्या परस्परतेचा बारकाईने केलेला एक गाजलेला अभ्यास पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवरचा. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. या बेटांमधून लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शंखांची कडी उलट दिशेने फिरत असतात. त्याला ‘कुला’ म्हणतात. माळ मिळाली की तोलामोलाचे कडे द्यायचे, पण लगेच नाही; मध्ये बराच काळ जाऊ द्यायचा. घासाघीस करायची नाही. कुणी तशी केली तर ‘हा कुला बाजारासारखा करतो’ म्हणून त्याला नावे ठेवतात. मिळालेली वस्तू फार दिवस दाबून ठेवणेही वाईटच. १९२५ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी अशा अनेक समाजांचा अभ्यास करून तीन बंधने मांडली: देणे, घेणे आणि परत करणे. यातले मधले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भेट नाकारणे म्हणजे नातेच नाकारणे.

व्यापारात मात्र हिशेब ठेवावाच लागतो. १९३० मध्ये अमेरिकेने शुल्क भरमसाट वाढवले, इतर देशांनीही तेच केले आणि जागतिक व्यापार आटला. त्यातून बाहेर पडण्यासाठी १९३४ मध्ये परस्पर व्यापार कराराचा कायदा आला. तुम्ही उतरवा, आम्हीही उतरवतो, हा त्याचा गाभा. १९४७ मध्ये २३ देशांनी केलेला गॅट, म्हणजे शुल्क व व्यापाराविषयीचा सर्वसाधारण करार, याच वाटेने पुढे गेला. १९६५ मध्ये त्यात आणखी एक पाऊल पडले: विकसनशील देशांना दिलेल्या सवलतींच्या बदल्यात श्रीमंत देशांनी तेवढ्याच परतफेडीची अपेक्षा ठेवू नये, असे लेखी मान्य झाले.

युद्धात परस्परता सर्वांत घातक ठरते. ऑक्टोबर १९४२ मध्ये जर्मनीने ब्रिटिश व कॅनेडियन युद्धकैद्यांना बेड्या घातल्या. ब्रिटिश व कॅनेडियन सैन्याच्या छाप्यांमध्ये जर्मन सैनिकांचे हात बांधले गेले, हे त्याचे कारण. ब्रिटन आणि कॅनडाने लगेच तेवढ्याच जर्मन कैद्यांना बेड्या घातल्या. डिसेंबरमध्ये त्यांनी त्या काढल्या. जर्मनीने काढायला नोव्हेंबर १९४३ उजाडला. वर्षभर ज्यांचे हात बांधलेले राहिले, त्यांनी कुणाचे काहीच बिघडवले नव्हते. खरे तर कैद्यांवर सूड उगवायला १९२९ च्या जिनिव्हा करारातच मनाई होती. १९४९ च्या करारांनी ती कायम ठेवली आणि ‘सर्व परिस्थितीत’ नियम पाळण्याचे बंधन घातले. पुढे देशादेशांतल्या करारांचे नियम ठरवणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात, एका पक्षाने करार मोडला तर दुसरा तो थांबवू शकतो हा सर्वसाधारण नियम लिहिताना, माणसांचे रक्षण करणाऱ्या मानवतावादी करारांतल्या तरतुदी त्यातून वगळण्यात आल्या.