मोज्यात घुसलेलं कुसळ

कोजागिरीनंतरच्या रविवारी घरचे सगळे नान्नजला गेलो, माळढोक अभयारण्यात, सोलापूरहून बार्शी रोडला वीसेक किलोमीटर, सोबत गाईड घेतलेला. निघताना शेजारच्यांनी विचारलंच, तिथं बघायला काय आहे, नुसतं पडीक रान ना? हे 'पडीक' मला फार टोचतं. झाडं नाहीत म्हणजे काहीच नाही असं आपण धरून चालतो अन मग माळावर वृक्षारोपणाचे खड्डे घेत सुटतो. अहो, माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, तिला चारी बाजूंनी लांबवर दिसायला पाहिजे, तिथं झाडं लावून कसं चालेल?

१९७९ मध्ये ज्याच्यासाठी हे अभयारण्य झालं तो माळढोक काही दिसला नाही, सांगून टाकतो. काळविटं मात्र भरपूर दिसली. पण मला लिहायचंय ते मोज्यांबद्दल.

तासभर चाललो तर पोरगी रडकुंडीला, मोज्यात शंभरेक कुसळं. उपटायला गेलं की तुटतात, निघत नाहीत. गाईड म्हणाला, "ओढू नका साहेब, ते पुढंच जातंय." अगदी बरोबर. कुसळी गवताचं शास्त्रीय नाव हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस, त्यातलं कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. बी खाली सुईसारखं टोकदार, त्याच्यावर मागे वळलेले केस, अन वर लांब शेपूट, खालून दोरीसारखी पिळलेली अन मध्ये गुडघ्यात वाकलेली.

आता खरी गंमत. ती शेपूट मेलेली असते, तरी हलते. तिच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेत. दव पडलं की धाग्यांच्या मधला भाग पाणी पिऊन फुगतो, धागा स्वतः लांब होत नाही, म्हणून त्याचा तिरकेपणा बदलतो अन अख्खी पेशी फिरते, अशा हजारो पेशी एकाच बाजूला फिरल्या की पीळ सुटतो. दुपारी ऑक्टोबर हीटमध्ये वाळलं की पीळ परत बसतो. वरचा वाकडा हात गवतात नाहीतर दगडाला अडकला की तो फिरू शकत नाही, मग खालचं बीच फिरतं अन जमिनीत घुसतं. मागे यायला केस देत नाहीत. म्हणजे रात्री दव, दुपारी ऊन, ड्रिल मशीन चालू, वीजबिल शून्य. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७६ मध्ये अशा बियांवर लिहिलं होतं. आपल्या मेंढपाळांना वाचायची गरज नाही, मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसलेलं कुसळ त्यांनी हातानं काढलेलं असतं.

गाडीत बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन त्यात एक कुसळ टाकलं. जरा वेळानं ते घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू वळायला लागलं, आई घाबरून म्हणाली टाक ते. उद्या कुणी बुवा अशी 'मंतरलेली काडी' फिरवून चोर सांगायला लागला तर आधी तिच्यावर पाणी कुणी शिंपडलं ते बघा.

एक बी पोरीनं घरी आणलं. कुंडीत मातीवर ठेवलं, रोज सकाळी थोडं शिंपडायचं, दुपारी ऊन आहेच. बुधवारी बघितलं तर बी मातीत, बाहेर नुसती शेपूट. आई तेव्हापासून बोलत नाहीये, कुंडी तुळशीची होती.