कामावरून कमी केलं तर: कामगार वकिलाकडे येण्याआधी आणि आल्यावर

वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. त्यामुळे हे पत्रक फक्त आमच्याकडे वकीलपत्र दिलेल्या किंवा सल्ल्यासाठी आलेल्या मंडळींसाठी आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या एमआयडीसीतून येणाऱ्यांचे पहिले प्रश्न बहुधा सारखेच असतात. त्यांची उत्तरं घरी निवांत वाचता यावीत, घरच्यांना दाखवता यावीत, म्हणून इथे लिहून देत आहोत.

हे काम वेगळं का?

कायद्याची पदवी सगळ्या वकिलांची सारखीच. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, आणि मग सनद. कामगार कायदा त्यानंतर शिकावा लागतो, तोही पुस्तकापेक्षा कामगार न्यायालयात आणि कारखान्यातल्या खातेनिहाय चौकशीत जास्त. आमच्या ज्येष्ठ वकिलांनी सुरुवात एका कामगार संघटनेच्या कार्यालयात केली. मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक आणि स्थायी आदेश (कारखान्याचे नोकरीबाबतचे लेखी नियम) बारकाईने वाचायची सवय त्यांना तिथे लागली. पुढे छोटे कारखानदारही सल्ल्याला येऊ लागले. आज आम्ही दोन्ही बाजूंची कामं घेतो, पण ज्या कारखान्याला सल्ला देतो त्याच्याविरुद्धचं प्रकरण घेत नाही. तुमची कंपनी त्यांत असेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगू.

अनुभव कुठे कामी येतो, ते ठेकेदारीच्या उदाहरणावरून कळेल. महाराष्ट्राचा 1971 चा कायदा अनुचित कामगार प्रथांविरुद्ध, म्हणजे कायद्याने मना केलेल्या वागणुकीविरुद्ध, थेट न्यायालयात जाऊ देतो आणि तिथे अंतरिम आदेशही मागता येतो. म्हणून ठेकेदाराकडच्या कामगारालाही तोच रस्ता जवळचा वाटतो. पण मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली स्पष्ट केलं की, कंपनीच आपली मालक आहे की नाही यावरच वाद असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही. तो प्रश्न आधी औद्योगिक विवाद म्हणून सोडवून घ्यावा लागतो. चुकीच्या दारात गेलेलं प्रकरण काही वर्षांनी ‘इथे चालत नाही’ एवढ्याच कारणावर निकाली निघू शकतं, आणि तोवर माणूस खचलेला असतो. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही तुमच्यावरच्या अन्यायापेक्षा तुमच्या गेटपासवर कोणाचं नाव आहे हे जास्त विचारतो. राग मानू नका.

मुदत

अनुचित प्रथेची तक्रार 90 दिवसांत करायची असते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. कामावरून काढल्याचा वाद मांडायला पूर्वी तीन वर्षं मिळत. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या आणि औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत दोन वर्षांवर आली. ‘साहेब परत घेतो म्हणालेत’ म्हणून थांबलेले किती तरी लोक आम्ही पाहिले आहेत. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत, तुम्ही तारीख धरून चला.

समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे लेबर ऑफिसात दोन्ही बाजूंची तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, पक्षकारातर्फे वकिलाला उभं राहता येत नाही. न्यायाधिकरणापुढेही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. लेबर ऑफिसात बोलायचं तुम्हाला किंवा तुमच्या संघटनेच्या प्रतिनिधीलाच. त्याची तयारी आम्ही कार्यालयात बसून करून घेतो, त्याला एक पूर्ण दुपार लागते. तेवढा वेळ काढूनच या.

240 दिवस आणि तुमचे कागद

बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं असेल तर कामगार कपात करताना मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणूनच दिवस भरत आले की ‘ब्रेक’ मिळतो, किंवा त्याच मशीनवर त्याच माणसाचा ठेकेदार बदलतो.

हे दिवस भरले हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितलं. मी भरले असं नुसतं शपथेवर सांगून भागत नाही. मस्टर तर कंपनीकडे असतं. मग तुमच्या हातात काय? पीएफचं पासबुक: कोणत्या महिन्यात, कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते त्यात दिसतं. ईएसआय कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, हजेरी कार्डाचे फोटो, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली शिफ्टची यादी, हे सगळं जपा. पुराव्याला एवढा धागा मिळाला की कंपनीने तिची रजिस्टरं हजर करावीत असा अर्ज आम्हाला देता येतो. नियुक्तिपत्र मिळालं नसेल तर ते आता मागा, नव्या संहितेप्रमाणे ते देणं मालकावर बंधनकारक आहे. मूळ कागद कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. झेरॉक्स पुरते.

राजीनामा लिहून मागितला तर

लिहू नका. दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने कळवा की ती मर्जीने दिलेली नाही. महिन्याभराने लिहिलेल्या पत्राला ते वजन राहत नाही.

चौकशी लावून निलंबित केलं तर पहिल्या 90 दिवसांसाठी निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. चौकशीच्या तारखा टाळू नका. तुम्ही नसलात तर ती एकतर्फी पूर्ण होते, आणि पुढे न्यायालयात तेच पान आमच्यापुढे ठेवलं जातं.

प्रकरण चालू असताना दुसरीकडे मिळालेल्या कामाची नोंदही ठेवा. उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्याच खंडपीठातून वर गेलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटलं की, काढणं बेकायदा ठरलं तर मागचा पूर्ण पगार हाच सामान्य नियम. पण मधल्या काळात आपल्याला तेवढ्या पगाराचं काम नव्हतं हे आधी कामगाराने सांगायचं असतं. ते खरं सांगा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब

शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 18,000 रुपये आणि 12 वर्षं असतील तर सुमारे 1,24,615 रुपये. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवले असतील तर नव्या व्याख्येकडे लक्ष द्या: भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग पगारातच धरला जातो. एकूण 26,000 आणि मूळ पगार 9,000 असेल तर हिशेब 13,000 वर होतो. ठरावीक मुदतीच्या नोकरीत पाच वर्षांची अटही राहिलेली नाही, एक वर्ष पुरे. नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार मात्र दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून मुकादमाने कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडप्याला) किंवा घरच्या कोणाला अडकवून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. त्यासाठी वकिलाची वाट पाहू नका, तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करा. अर्ज आम्ही फी न घेता लिहून देतो.

फी

मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवून प्रकरण घेणं वकिलाला मना आहे. तसं कोणी सुचवलं, आमच्या नावावर सुचवलं तरी, नकार द्या आणि आम्हाला कळवा. आमची फी टप्प्याटप्प्याने ठरते, कागदावर लिहून मिळते आणि प्रत्येक रकमेची पावती मिळते.