चढत नाही म्हणजे बाधत नाही?

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वायनरी पाहायला येणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी एक समजूत हमखास ऐकू येते: कोवळ्या वयात दारू पचते, चार पेले घेतले तरी पाय लटपटत नाहीत, म्हणजेच ती बाधत नाही. या समजुतीच्या पहिल्या भागात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अल्पवयीन मुलांना मद्य पाजून मोजमाप करता येत नाही आणि येऊही नये; म्हणूनच या प्रश्नाचे बरेचसे ज्ञान प्रयोगशाळेतील उंदरांकडून आले आहे.

या प्रयोगाची मांडणी साधी असते. पिंजऱ्याला एक पाण्याची आणि एक अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याची अशा दोन बाटल्या लावतात, बाजू अधूनमधून बदलतात, आणि गळती व बाष्पीभवन वजा करण्यासाठी रिकाम्या पिंजऱ्यालाही तशाच बाटल्या टांगतात. प्यायलेले अल्कोहोल शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे किती ग्रॅम, असे मोजले जाते. ‘सी-५७ ब्लॅक-६’ या वाणाचे लहान जातीचे उंदीर, म्हणजे माऊस, स्वखुशीने दिवसाला किलोमागे दहा ग्रॅमपर्यंत आणि त्याहूनही अधिक अल्कोहोल पितात, तर ‘डीबीए-२’ वाणाचे उंदीर त्याला जवळजवळ तोंडच लावत नाहीत. उंदराचे शरीर अल्कोहोलचे विघटन माणसापेक्षा कितीतरी वेगाने करते, त्यामुळे हे आकडे आपल्याला थेट लावता येत नाहीत. एकाच वाणातील वयांची आणि लिंगांची तुलना मात्र करता येते.

मोठ्या उंदरांमध्ये, म्हणजे रॅटमध्ये, जन्मानंतरचा साधारण २८ ते ४२ दिवसांचा काळ पौगंडावस्थेचा मानला जातो. या वयातले उंदीर अनेक प्रयोगांत प्रौढांपेक्षा किलोमागे जास्त अल्कोहोल पितात. वाढत्या वयात ते एकूणच अधिक खातात-पितात, हे त्याचे एक कारण आहे. पण खरे कारण मेंदूत सापडते, आणि मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट तीच वाटते.

अमेरिकेतील सिल्वेरी आणि स्पिअर या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयांच्या उंदरांना झोप लागेल एवढा अल्कोहोलचा डोस टोचला, त्यांना उताणे ठेवले आणि ते स्वतःहून पालथे कधी होतात हे पाहिले. कोवळे उंदीर लवकर उठले. त्यांच्या शरीराने अल्कोहोल लवकर जाळले असते, तर उठण्याच्या क्षणी त्यांच्या रक्तातील प्रमाण प्रौढांइतकेच उतरलेले दिसले असते. पण ते प्रौढांपेक्षा जास्त होते. म्हणजे अल्कोहोल शरीरात होतेच, फक्त मेंदू त्याने गुंगत नव्हता. गुंगी येते ती मुख्यतः ‘गाबा’ या रसायनाच्या ग्राहींमार्फत, म्हणजे पेशीवरील ते रसायन पकडणाऱ्या रेणूंमार्फत, जे चेतापेशींना शांत करतात आणि ज्यांचे काम अल्कोहोल वाढवते. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील चेतापेशींवर गाबाचा जो सततचा शामक प्रवाह असतो, तो अल्कोहोलमुळे प्रौढांमध्ये जितका वाढतो त्याच्या तुलनेत कोवळ्या उंदरांमध्ये फारच कमी वाढतो. याउलट त्याच हिप्पोकॅम्पसमधील, नवी आठवण पक्की करण्यासाठी लागणाऱ्या ‘एनएमडीए’ ग्राहींचे काम अल्कोहोल कोवळ्या वयात अधिक जोराने रोखते. एकाच डोसात प्रौढ उंदीर झोपतो, तर कोवळा उंदीर जागा राहतो पण शिकलेले टिपून ठेवू शकत नाही. झोप, तोल जाणे, नंतरची शिसारी या थांबवणाऱ्या खुणा त्याला उशिरा मिळतात, म्हणून तो पीत राहतो. सर्दी झाली म्हणून लहान मुलांना चमचाभर ब्रँडी देण्याची आपल्याकडची जुनी रीत या पार्श्वभूमीवर पूर्णपणे सोडून देण्यासारखी आहे. मूल शांत दिसले, तरी त्याच्या मेंदूत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही.

लिंगभेदाचे चित्र अनेकांना उलटे वाटेल. रॅट असोत की माऊस, किलोमागे माद्या बहुधा नरांपेक्षा जास्त पितात. अंडाशय काढल्यास माद्यांचे पिणे कमी होते आणि इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन गटातील स्त्री-संप्रेरक दिल्यास ते पुन्हा वाढते, असे रॅटमध्ये दिसले आहे. २०२४ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील झॅलर, प्लाइल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की इस्ट्रोजेनची पातळी उंच असलेल्या माद्या अधिक पितात, आणि हा परिणाम पेशीच्या आवरणावरील ग्राहींमार्फत काही मिनिटांत घडतो. जनुकांना जागे करणाऱ्या तासन्‌तासांच्या प्रक्रियेची त्यासाठी गरज पडत नाही.

अशा बातम्यांना ‘स्त्रियांच्या पिण्यामागे संप्रेरक’ असा मथळा देणे हा त्या संशोधनावर अन्याय आहे. नर रॅटची वृषणे काढली की त्यांचेही पिणे वाढते आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते खाली येते. म्हणजे दोन्ही लिंगांमध्ये संप्रेरके काम करत असतात. शिवाय माणसांमध्ये जगभर पुरुषच अधिक पितात, कारण तिथे लाज, पैसा, मोकळीक आणि सोबत यांचाही वाटा असतो, आणि हे घटक पिंजऱ्यातल्या मादीच्या वाट्याला येत नाहीत. बराच काळ प्रयोग मुख्यतः नरांवरच केले जात होते. माद्यांचे संप्रेरकांचे चक्र निकाल अस्थिर करते, ही त्यामागची सबब होती; पण २०१४ साली माऊसवरील २९३ शोधनिबंध एकत्र तपासले असता माद्यांची मोजमापे नरांपेक्षा जास्त बदलती नसल्याचे आढळले.