कार्यकारिणी, झाडीपट्टीतील नाट्य व लोककला मंडळांची

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, नाटक, दंडार व खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार, भजन इत्यादींचे आयोजन करणाऱ्या आणि त्या कलांसाठी शासनदरबारी पाठपुरावा करणाऱ्या मंडळांची मानद पदाधिकारी-समिती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि सदस्य अशी तिची नेहमीची रचना. गावात तिला सर्रास ‘बॉडी’ म्हणतात. ‘यंदा नवी बॉडी बसली’ हा प्रयोग रूढ आहे. पदाला वेतन नसते. पदरमोड मात्र गृहीत धरलेली असते.

उगम : या समित्यांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार त्यांचे मूळ संगीत नाटकाच्या परंपरेत आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभे केले, १८८० मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली, पुढे फिरत्या मंडळ्यांचे लोण नागपूरमार्गे पूर्वेकडे आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील गोंदिया–नागभीड अरुंदमापी रेल्वेमुळे वडशासारखी गावे त्यांच्या वाटेवर आली, अशी ही मांडणी आहे. दुसरे मत दंडारीकडे बोट दाखवते. दंडारीचा संच गावातल्याच गड्यांचा असे. साज, घुंगरू, ढोलकी एखाद्या जाणत्याच्या घरी ठेवली जाई आणि खर्च घरटी धान्यावर भागे. म्हणजे समिती आधीच होती, फक्त तिला नाव नव्हते.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याला एक भाषिक आधारही आहे. पश्चिम महाराष्ट्रातील व्यावसायिक संस्था स्वतःला ‘मंडळी’ म्हणवीत. त्या मालकाच्या किंवा भागीदारांच्या असत. झाडीपट्टीत मात्र ‘नाट्य मंडळ’ हे रूप आढळते, आणि त्याच्या आधी बहुधा हनुमान किंवा तत्सम ग्रामदैवताचे नाव जोडलेले असते. हे नामकरण ‘भजन मंडळा’ला जवळचे आहे, नाटक कंपनीला नव्हे. अर्थात केवळ नावावरून वंशावळ ठरवणे धोक्याचे असते. नाटकाचा घाट, पडदे आणि पदे बाहेरून आली, पण ती चालवणारी माणसे व चालवण्याची रीत गावातलीच राहिली, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

तिसरा दुवा मालगुजारांचा. मध्यप्रांताच्या या भागात मालगुजार हा गावाचा वसुलीदार असे. तलाव त्याने बांधले (आजही त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात) आणि उत्सवांचा खर्चही बऱ्याचदा त्यानेच उचलला. मध्य प्रदेशच्या (हा भाग तेव्हा त्या राज्यात होता) १९५० च्या कायद्याने ही पद्धत ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली. वर्गणीवर चालणाऱ्या समित्यांचे महत्त्व साधारण याच सुमारास वाढले असावे. अध्यक्षपद जुन्या मालगुजार घराण्याकडे आणि वसुली तरुणांकडे, ही विभागणी काही गावांत पुढेही टिकली.

कायदेशीर स्वरूप : बरीच ग्राममंडळे नोंदणीविना, एका हंगामापुरती चालतात. अनुदान किंवा बँक खाते हवे असेल तेव्हा नोंदणी केली जाते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात व्यक्ती लागतात. शिवाय मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’) खालीही नोंद होते व संस्थेला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. कार्यकारिणीत बदल झाला की कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. यालाच ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, आणि बहुतेक मंडळे अडतात ती इथेच. निवडणूक दिवाळीच्या मंडईत (गावजत्रेत) उरकते, सचिव धानकापणीला लागतो आणि मुदत उलटते. दोन गटांनी दोन बॉड्या निवडून दोन चेंज रिपोर्ट दाखल केले, तर निकाल लागेपर्यंत बँकही कोणाची सही मानावी या पेचात पडते. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही. ती तत्सम संस्थेकडे जाते. ही तरतूद पदाधिकाऱ्यांनाही बरेचदा ठाऊक नसते.

सभेचे इतिवृत्त ठरावीक साच्याचे असते : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’, सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. खरी चर्चा मात्र ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमात होते. कोणत्या कंपनीचे नाटक आणायचे, हा त्यातला कायमचा विषय.

हंगामी काम : दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने नाटके सुरू होतात व साधारण होळीपर्यंत चालतात. देसाईगंज (वडसा) येथील नाट्यसंस्थांशी तारीख ठरवून बयाणा दिला जातो. कापणी झालेल्या बांधीत (धानाच्या शेतात) मंच व कनात उभी राहते. ठिकठिकाणी प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खणतात. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. तेवढा वेळ कोषाध्यक्ष तिकिटांच्या टेबलाशी, मफलर कानाला गुंडाळून, पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून बसलेला असतो. नाटक त्याला फक्त ऐकू येते. वाढावा मंदिराला किंवा शाळेला जातो. तूट आली तर ती सदस्यांतच वाटली जाते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्यावर शंकरपट थांबले व मंडळांचा हमखास प्रेक्षक दुरावला. २०२१ च्या अखेरीस अंतरिम मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली.

पाठपुरावा : सर्वांत चिवट प्रश्न ध्वनिक्षेपकाचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण मध्यरात्री या नाटकाचा मध्यही आलेला नसतो. त्यामुळे तहसील व पोलीस ठाण्यात अर्ज, निवेदने, शिष्टमंडळे हे कार्यकारिणीचे नित्यकर्म बनले आहे. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते; ते बहुधा नाट्यसंस्थाच पाहते.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज हे दुसरे काम. या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव असून २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये दिले जातात. वयाची सर्वसाधारण अट ५० वर्षे आहे. अडचण पुराव्याची. दंडारीत आयुष्य घालवलेल्या माणसाकडे कागद नसतो. मग मंडळाचे जुने वहीखाते, पत्रके, चुरगळलेला फोटो शोधून त्यावर लेटरहेडचा दाखला जोडला जातो. गुरनोलीचे (जि. गडचिरोली) झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीची देशपातळीवर दखल घेतली गेली.

वऱ्हाड : रयतवारी (शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत) असलेल्या पश्चिम विदर्भात मालगुजारी आश्रयाचा प्रश्न उद्भवला नाही. तेथे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा व त्यांची खंजिरी भजने प्रमुख आहेत. या शाखांच्या समित्या प्रार्थना व ग्रामसेवेसाठी असल्याने त्यांचा समावेश या नोंदीत केलेला नाही.