विहिरीतले दोन दगड अन् समुद्रातला सुरुंग

आमच्याकडे उन्हाळ्यात पोट्टे विहिरीत उतरले की एक खेळ ठरलेला, एकानं बुडी मारायची अन् दुसऱ्यानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. काठावरच्याला काही कळत नाही, बुडी मारणाऱ्याच्या कानात मात्र टण्णकन बसते. पाणी फारसं दबत नाही ना, म्हणून धक्का पचवत नाही, तसाच पुढे ढकलते, अन् तेही सेकंदाला साधारण 1500 मीटर, हवेच्या चौपटीहून जास्त.

आता दगडांच्या जागी समुद्रात 200 किलो टीएनटी, म्हणजे सुरुंगातली स्फोटक दारू धरा, 20 मीटर खोल. तिथून 20 मीटरवरच्या जहाजाच्या पत्र्यावर हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त धक्का येतो, पण टिकतो जेमतेम मिलिसेकंदभर. लोकांना वाटते भोक पडलं की जहाज गेलं. पण धोका पुढेच आहे. स्फोटाच्या गॅसचा फुगा फुगत फुगत 12-13 मीटर रुंद होतो, गावातली मोठी विहीरसुद्धा त्यात मावेल, मग पाणी त्याला दाबते, तो आकसतो, पुन्हा फुगतो, अशा एका फेरीला पाऊण सेकंद, अन् मध्यम युद्धनौकेचा अख्खा सांगाडा वर-खाली लवायलाही जवळपास तेवढाच वेळ घेतो! नाल्यावरच्या फळीवर मधोमध तिच्याच तालात उड्या मारून पाहा, कशी लवते अन् शेवटी कडकन मोडते. 1939 मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'बेलफास्ट'खाली सुरुंग फुटला, भोक लहानच, पण कणा वाकला, यंत्रांच्या बैठका तुटल्या, जहाज परत कामावर यायला 1942 उजाडलं.

म्हणून अशा स्फोटाचा हिशेब कॉम्प्युटरवर मांडताना, म्हणजे मॉडेल करताना, नुसत्या जहाजाचे बारीक तुकडे पाडून भागत नाही, भोवतालच्या पाण्याचेही पाडावे लागतात. धक्का पकडायला वेळेची पावलं मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, अन् फुग्यासाठी एक-दोन सेकंद चालायचं, म्हणजे लाखो पावलं झाली. शिवाय मॉडेलमधला समुद्र कुठं तरी कापावाच लागतो, तर त्या कडेवरून लाट परत फिरली की जहाजाला खोटाच धक्का बसतो, ती कड फार जपून लिहावी लागते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते पाण्याचं फाटणं. धक्क्यानं पत्रा झटकन पाण्यापासून दूर सरकला की त्याला लागून असलेलं पाणी ताणलं जाते, पाण्याला ताण सोसत नाही, पोकळी होते अन् ती मिटताना दुसरा फटका देते. मॉडेलमध्ये हे नसेल तर उत्तर चुकलंच समजा.

उत्तर खरं की नाही हे शेवटी समुद्रातच तपासतात. 2021 मध्ये अमेरिकेनं फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर 'जेराल्ड आर. फोर्ड' या विमानवाहू जहाजाशेजारी तीन स्फोट केले, प्रत्येकी सुमारे 18 टनांचे, पहिल्याची नोंद 3.9 तीव्रतेचा भूकंप म्हणून झाली. दर वेळी स्फोट जहाजाच्या आणखी जवळ आणला, अन् खलाशी जहाजावरच होते.