स्पूनची तार कापून मागण्याआधी

पाणगवतात बास मासा पकडायला नेलेला स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, आमच्या दुकानात परत येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते: मासा उसळतो, पण गळाला लागत नाही, गळापुढची, गवत अडवणारी तार कापून द्या. ती आम्ही कापून देत नाही. तार गेली की पहिल्याच फेकीत गवताचा भारा ओढून आणाल आणि दुसरी तक्रार घेऊन याल. एकच गळ आणि त्यापुढे तार ही रचना आमच्या डोक्यातून निघालेली नाही; १९२०च्या दशकातल्या 'जॉन्सन सिल्व्हर मिनो' या स्पूनपासून ती चालत आली आहे.

दोष बहुधा घाईचा असतो. गवतावरून सरकणारा स्पून बासला खालून नीट दिसत नाही. तो अंदाजाने झेपावतो, कधी नेम चुकतो, कधी तोंडात नुसतं गवत येतं. पाणी उसळलं रे उसळलं की तुम्ही रॉडला हिसका देता आणि स्पून त्याच्या तोंडापुढून उडून जातो. उसळी दिसली तरी रीळ त्याच गतीने फिरवत राहा. चुकलेला मासा पुष्कळदा पुन्हा येतो. हाताला वजन लागलं की मगच हिसका, आणि तो जोरदार. गवतात मोकळी जागा आली तर मात्र क्षणभर थांबून स्पून डुलत खाली जाऊ द्या आणि लाईनवर, म्हणजे दोरीवर, नजर ठेवा.

तरीही मासे सुटत असतील तर तार बोटाने दाबून बघा. बेताच्या दाबाने गळाचं टोक उघडं पडायला हवं. तार वारंवार वाकवू नका, मुळाशी तुटते. गळाचं टोक नखावर हलकेच टेकवा. घसरलं तर धार गेली. आमच्याकडून घेतलेल्या स्पूनला धार लावायचे आणि तार बसवून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.

हा गळ जाड असतो, त्यामुळे लवचिक रॉड आणि ताणणारी नायलॉन लाईन असेल तर तो जबड्यात रुततच नाही. ताठ रॉड आणि साधारण ५० पौंडांची विणलेली लाईन घ्या. मागे रबरी शेपटी लावली तर स्पून हळू ओढला तरी वर राहतो, पण लांब शेपटी मासा टोकाला धरून सोडून देतो. ती आखूड करून घ्या.

तंतूंसारखं चिकट शेवाळ असेल तिथे तारही उपयोगाची नाही, जागा बदला.

स्पून दाखवायला आणाल तेव्हा रॉड आणि रीळही सोबत आणा. ते बघितल्याशिवाय आम्ही दुसरा स्पून सुचवत नाही.