ऑनलाइन विज्ञानवर्ग : सहभाग आणि समूहभाव

पदवीच्या ऑनलाइन वर्गात विद्यार्थी मतचाचणीत उत्तर देतात, चॅटमध्ये शंका लिहितात, स्वाध्याय वेळेवर पाठवतात, आणि तेवढ्यावरून वर्ग एकजीव झाला असे शिक्षकाला वाटू लागते. वास्तविक तो सहभाग असतो. समूहभाव त्याहून वेगळा, कारण त्यात विद्यार्थ्याला विषयाबरोबरच सहाध्यायीही हवासा वाटतो.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्याच्या आंतरक्रिया तीन प्रकारच्या असतात असे मांडले : पाठ्यविषयाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. पहिल्या दोन भरपूर असूनही तिसरी शून्य असू शकते. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकावरील आभासी प्रयोगांच्या प्रकल्पातील विद्युतमंडल पडद्यावर जोडताना विद्यार्थी तासभर रमतो, परंतु एकटाच.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरलेली पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते. विद्यार्थी आधी स्वतः उत्तर देतो, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवतो आणि पुन्हा उत्तर देतो. ऑनलाइन वर्गात यातली मधली पायरी बहुधा वेळेअभावी गळते आणि उरते ती केवळ मतचाचणी.

प्रयोगाच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होतो. साध्या लंबकाचा प्रयोग दोरा आणि एखादे वजन घेऊन घरी करता येतो. प्रत्येकाने सगळ्या लांबींची मापे घेतली, तर तो उत्तम सहभाग झाला. पण पाच जणांच्या गटात एकाला २० सेंटिमीटर, दुसऱ्याला ४०, आणि अशा रीतीने शेवटच्याला १०० सेंटिमीटर लांबी वाटून दिली, तर आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि लांबी यांचा सरळ रेषेतला आलेख इतरांच्या नोंदींवाचून पूर्णच होत नाही. एखाद्याचा बिंदू रेषेबाहेर पडला, की लांबी गाठीपर्यंत मोजली की वजनाच्या मध्यापर्यंत, वीस आंदोलने मोजताना पहिले ‘शून्य’ धरले की ‘एक’, असे प्रश्न विद्यार्थी एकमेकांना आपणहून विचारू लागतात. चूक इथे गुण कापण्याचे निमित्त ठरत नाही, ती सर्वांच्या कामाचा भाग होते.

यासाठी गट मात्र सत्रभर तोच ठेवावा. दर आठवड्याला नवे गट पाडले, तर बराच वेळ ओळखीतच जातो, आणि ज्याला आपले माप चुकल्याची शंका आहे तो अनोळखी चेहऱ्यांसमोर माइक सुरू करत नाही.